उष्टा वास

१

वास गेलेली माणसं फार बोलतात. डोळे गेलेला माणूस चार पावलं जपून टाकतो, ऐकू न येणारा हसून वेळ मारून नेतो, पण ज्याला वास येत नाही तो ते सांगताना थांबतच नाही. लखनौच्या एका संशोधन संस्थेत अशांची नाकं तपासण्यात माझं आयुष्य गेलं, आणि मला त्यांची कधी कीव आली नाही. कारणं ठरलेली असतात. कुणाच्या नाकातले तंतू सर्दीच्या विषाणूनं खाल्लेले, कुणी स्कूटरवरून डोक्यावर पडलेला, कुणाच्या नाकात मांसाचे कोंब, कुणाचं नुसतं वय झालेलं. क्वचित एखाद्याला पुढे कंपवात व्हायचा असतो आणि त्याची पहिली वर्दी नाक देतं. पण प्रत्येकाला वाटतं, आभाळ आपल्या एकट्यावर कोसळलंय. आयकर खात्यातले एक गृहस्थ कबाबाचा वास येत नाही म्हणून माझ्यासमोर ढसाढसा रडले. त्याआधी दहाच मिनिटं ते मला आपण शुद्ध शाकाहारी असल्याचं सांगत होते.

माझं स्वतःचं नाक उत्तम आहे. होतं, म्हणायला हवं, पण ते पुढे येईलच. आमच्या क्वार्टर्सच्या जिन्यात पाऊल ठेवलं की कुणाकडे डाळ लागलीय आणि कुणी कालची भाजी गरम करून ताजी म्हणून वाढतंय, हे मला कळायचं. माझा नवरा विश्वास रेल्वेत इंजिनियर आहे. त्याला वास आणि आवाज यांतला फरक कळतो, इतपतच त्याचं नाक.

त्या हिवाळ्यात मी एका गोष्टीची वाट बघत होते. माझी मुलगी अनघा, लखनौत वाढलेली आणि आमच्याशीही हिंदीतच बोलणारी, बंगळुरूला असते. तिला मुलगी झाली, मुक्ता, आणि संस्थेच्या तपासणी समितीतल्या तीन ठोंब्यांना नेमक्या त्याच आठवड्यात लखनौला यायचं असल्यामुळे मला जाता आलं नाही. मी नात पाहिली ती फोनवर. फोनला वास नसतो. अनघा तान्ही असताना मी तिच्या टाळूला नाक लावून बसायचे. दूध, तेल आणि त्याच्याखाली तिचा स्वतःचा असा एक गरम वास. मी जगातल्या बहुतेक गोष्टींवर नाक मुरडते, पण त्या वासासाठी मी काहीही केलं असतं. जानेवारीत अनघा बाळाला घेऊन येणार होती.

२

प्रयोगाचं काम सोपं आहे. एक खुर्ची, तिच्यासमोर स्टँडला अडकवलेली बाटली. बाटलीत कापसाचा बोळा, त्यावर लवंग, गुलाब, कॉफी किंवा हिंगाचा अर्क. पेशंटच्या नाकाशी एक बारीक नळी, ती त्याचा श्वास नोंदवते. बाटलीच्या तोंडाशी दुसरी, ती बाटलीतून हवा ओढली गेली की नोंदवते. घंटी वाजली की बाटली उघडायची. पेशंटनं श्वास सोडून थांबायचं. मग हिरवा दिवा लागतो, तेव्हा हुंगायचं. घंटी आणि दिवा यांच्यामधली ही थांबण्याची वेळ माझी आहे. इतर प्रयोगशाळांत ती नसते, कारण त्यांना घाई असते. आधी नाक रिकामं झालं पाहिजे, असं मी ठरवलेलं.

पूर्वी घंटीच्या जागी मशीनच पीं करायचं. ते विजेच्या झटक्यानं बिघडलं आणि खरेदी विभागानं नवा भाग मागवण्याऐवजी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. शेवटी माझा सहकारी अभिजित अमीनाबादच्या बाजारात गेला आणि पितळेची घंटी घेऊन आला. देवापुढची. ती तो स्वतःच्या हातानं वाजवायचा, आणि वाजवताना त्याची मान आपोआप किंचित झुकायची. अभिजित नागपूरचा, हुशारीच्या मानानं महत्त्वाकांक्षा जरा जास्तच.

"मॅडम, एक मिनिट बघता का?" त्यानं एकदा विचारलं. "हे नं, समजत नाही आहे."

पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची पेशंटच्या श्वासाची. घंटी झाल्यावर ती सपाट, म्हणजे त्यानं सांगितल्याप्रमाणे श्वास थांबवला होता. खालची रेघ बाटलीची. ती सपाट असायला हवी होती, कारण कुणी हुंगत नव्हतं. पण तिथे एक छान, गोल उंचवटा होता. हिरवा दिवा लागायच्या आधी बाटलीतून कुणीतरी हवा ओढून घेतली होती.

"पंखा," मी म्हटलं.

"पंखा बंद होता, मॅडम."

"मग तू."

त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं.

३

पंखा खरंच बंद होता. मी एसी बंद केला, खिडकीच्या फटीत कापड कोंबलं, नळ्या बदलल्या, अभिजितला खोलीबाहेर उभं करून घंटी स्वतः वाजवली. उंचवटा राहिला. रिकाम्या खुर्चीसमोर तो यायचा नाही. खुर्चीत कुणी बसलं आणि घंटी वाजली, की यायचा. अभिजितला त्यात शोधनिबंध दिसू लागला. "आंतरराष्ट्रीय लेव्हलचं काही असू शकतं," तो म्हणाला. उथळ पाण्याला खळखळाट फार.

शेवटी मी शाळेतल्या पोरांना दाखवतात तसला प्रयोग केला. कापसाचा एक हलका धागा बाटलीच्या तोंडाशी चिकटवला. हवा ओढली गेली तर धागा त्या दिशेनं वळेल. कुठून तरी झुळूक येत असेल तर तेही दिसेल आणि हा पोरखेळ संपेल.

खुर्चीत एक बँक मॅनेजर होते. घंटी वाजली. त्यांनी श्वास सोडला आणि डोळे मिटले. खोलीत इतकी शांतता होती की खालच्या आवारात माळी झाडांना पाणी घालत होता ते ऐकू येत होतं. धागा हलला. तो त्यांच्या नाकाकडे गेला नाही. तो वर गेला, सरळ उभा राहिला, ताणला गेला. त्यांच्या डोक्यावरून कुणी पुढे वाकलं, तर त्याचं नाक जिथे येईल तिकडे.

आणि मी तो आवाज ऐकला. माणूस पातेल्याचं झाकण काढून आत काय आहे ते बघतो, तेव्हा करतो तसा. लांब, निवांत. मग धागा खाली पडला, हिरवा दिवा लागला आणि मॅनेजरसाहेबांनी हुंगलं.

"कुछ नहीं," ते म्हणाले. "पिछली बार थोड़ा-सा आया था, मैडम. इस बार बिल्कुल नहीं."

मी अभिजितकडे पाहिलं नाही. आवाज माझ्याच नाकाचा असणार, असं मी ठरवलं. एकाग्र झालं की माणूस नकळत श्वास ओढतो. धागा म्हणजे स्थिर विद्युत. हिवाळ्यात लोकरीच्या स्वेटरनं केससुद्धा उभे राहतात, त्यात काय एवढं.

४

कांचन रस्तोगी यांचं अमीनाबादमध्ये चिकनकारी भरतकामाच्या कपड्यांचं दुकान आहे. जाड बांगड्या, मोठा आवाज, आणि गिऱ्हाइकाला गुंडाळायची सवय डॉक्टरवरही चालवायची खोड. तापानंतर त्यांचं नाक अर्धवट गेलं होतं. पहिल्या खेपेला गुलाब आणि हिंग त्यांनी बरोबर ओळखलेले. आता त्या तिसऱ्यांदा आल्या त्या भांडायलाच.

"डॉक्टर साहिबा, हम तो आधी नाक लेकर आए थे. आपकी घंटी के बाद से वो भी गई."

"विषाणूनंतर असं वरखाली होतं," मी हिंदीत, समजुतीच्या सुरात म्हटलं. हा सूर मी मूर्खांसाठी राखून ठेवलाय.

मग त्यांनी चहा मागितला. आमच्याकडे कॅन्टीनचा आल्याचा चहा येतो, आलं कमी आणि उपकार जास्त. कांचनबाईंनी कप उचलला, तोंडापाशी नेला आणि मध्येच थांबवला. कप असा हवेत धरून, नजर खाली, श्वास रोखून बसल्या. मग मान हलवली आणि घोट घेतला.

"ये क्या था?" मी विचारलं.

"पहले उनको सूँघ लेने देते हैं," त्या साध्या सुरात म्हणाल्या, दुकानात भाव सांगावा तशा. "जल्दबाज़ी करो तो कुछ नहीं मिलता. रुक जाओ तो थोड़ा-बहुत बचा हुआ मिल जाता है."

"किनको?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच पेशंट. "आप ही ने तो घंटी बजाई थी," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी मोठ्यानं हसले. शिकलेसवरलेले लोक, हातात स्मार्टफोन, आणि डोक्यात ही जळमटं. पण हसताना मला ते कप धरणं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत राहिलं, आणि मग आठवलं. साताऱ्याला आई नैवेद्याचं ताट न्यायची तेव्हा नाकातोंडाला पदर लावायची. नैवेद्याचा वास घ्यायचा नाही. पाण्याचं मंडल, ताट, घंटी, डोळे मिटून थांबायचं. आधी त्यानं घ्यायचं, मग आपण. मी एकदा खीर हुंगली तर आईनं अख्खं पातेलं बाजूला ठेवून दुसरी खीर केली. मी तेव्हापासून या प्रकाराची टर उडवत आलेय. माझ्या घरी देव्हारा आहे तो विश्वासचा.

आणि माझ्या प्रयोगशाळेत घंटी होती, उघडलेली बाटली होती, श्वास रोखून थांबलेला माणूस होता. थांबायला मीच सांगितलं होतं. शास्त्रीय कारण देऊन. आई निदान कुणासमोर ताट ठेवतेय ते नाव घेऊन सांगायची. आम्ही कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

हा विचार मी तिथेच टाकून दिला. असले विचार कांचन रस्तोगीसारख्यांना शोभतात.

५

दुसऱ्या दिवशी मी स्वतः खुर्चीत बसले. अभिजितला त्याची जागा दाखवायची होती. धडधाकट नाक असलेल्या माणसासमोर उंचवटा येत नाही, म्हणजे दोष पेशंटांच्या हालचालीत, एवढं एकदा सिद्ध झालं की विषय मिटला.

"वाजव," मी म्हटलं.

घंटी वाजली. मी श्वास सोडला. समोर लवंगेची बाटली, तोंडाशी तो धागा. मी डोळे मिटले नव्हते.

धागा उभा राहिला. अगदी माझ्या कपाळासमोर. आणि कानाशी नव्हे, कानाच्या वर, माझ्या भांगाजवळून तो लांब श्वास आत गेला. माझ्या डोक्यावरचे केस थंड पडले, वाटी उपडी ठेवावी एवढ्या जागेपुरते. मग दिवा लागला आणि मी हुंगलं. लवंग होती. पण कुणी चोखून परत ठेवली असावी अशी.

"मॅडम?" अभिजित पडद्याकडे बघत होता. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "तुमच्यातही आहे नं. खूप मोठा आहे."

मी त्याला म्हटलं, की नाचता येईना अंगण वाकडं, यंत्र नीट जोडता येत नसेल तर नोकरी सोड. मग त्याच्या हातातली घंटी काढून घेतली, पर्समध्ये टाकली आणि घरी आले. घरी ती ड्रॉवरमध्ये फेकली. प्रयोग बंद, असं संचालकांना कळवलं. कारण मशीनचा बिघाड.

त्या संध्याकाळी विश्वासनं फोडणी टाकली. कढीपत्ता तडतडला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, आणि फोडणीचा वास माझ्यापर्यंत यायच्या आत मला तो ऐकू आला, तोच श्वास, माझ्या डोक्यावरून पुढे जाणारा. मग जे आलं ते फिकट होतं, धुतलेलं.

मनाचे खेळ असतात. मला ते इतरांपेक्षा जास्त माहीत आहेत. सूचना दिली की निरोगी माणसालाही नसलेला वास येतो आणि असलेला जातो, यावर मी स्वतः व्याख्यानं दिलीत. पण त्याचबरोबर मला एक युक्ती सापडली. घाई करायची. कप समोर आला की थांबायचंच नाही, झडप घालून वास घ्यायचा. मग मिळायचा, पूर्ण, पहिल्यासारखा. कांचनबाईंचं म्हणणं चुकीचं होतं, त्या बाईला स्पर्धा म्हणजे काय तेच माहीत नसावं. मी आल्याच्या चहावर, संत्र्यावर, धुतलेल्या टॉवेलवर तुटून पडू लागले.

"अगं, कुणी हिसकावून घेतंय का?" विश्वास हसून म्हणाला.

"तू तुझं जेव," मी म्हटलं.

अनघा यायला थोडेच दिवस उरले होते. मी रोज सराव करत होते, हे मला मान्य करावं लागेल. रोज मी जरा लवकर, आणि रोज तो जरा लवकर. पण मुक्ताच्या बाबतीत मी हरणार नव्हते. दार उघडायचं, बाळ हातात घ्यायचं, टाळूला नाक लावायचं. बोलायचं नाही, थांबायचं नाही. एकदा घेतलेला वास परत कुणी काढून नेऊ शकत नाही.

६

अमौसी विमानतळावर विश्वास एकटाच गेला. बाळाची खुर्ची, बॅगा, झोळी, गाडीत मला जागा नव्हती. मी घरी पुरण वाटलं. त्याचा वास मला आला नाही, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

दुपारची वेळ होती, धुकं विरून ऊन जिन्यात आलं होतं. गाडीचा आवाज ऐकला आणि मी दार उघडून उभी राहिले. हात धुतलेले, केस घट्ट बांधलेले. मला आनंद झाला होता, हे सरळ सांगते. पायऱ्यांवर अनघा दिसली, छातीशी पिवळं दुपटं.

"आई! देखो कौन आया!" ती उंबऱ्याशी आली आणि तिनं बाळ दोन्ही हातांवर माझ्यासमोर धरलं. "लो, सूँघो. इतने दिनों से फोन पर यही रट लगा रखी थी."

मी पुढे झाले.

"थांबा, थांबा!" विश्वास बॅगा टाकून माझ्या बाजूनं आत घुसला. "पहिल्यांदा घरात येतेय पोर. ओवाळल्याशिवाय आत घ्यायचं नाही. एक मिनिट!"

"विश्वास, नको," मी म्हटलं. "आत घेऊ दे आधी."

"काय गं, एका मिनिटानं काय होतंय? अनघा, तिथेच उभी राहा, हलू नकोस."

"हाँ बाबा," अनघा हसत म्हणाली आणि बाळाला तशीच पुढे धरून उभी राहिली. तो पोळीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. आणि डाव्या हातात घंटी. चिंचेनं घासून लख्ख केलेली. ड्रॉवरमध्ये सापडली, म्हणाला, इतकी चांगली घंटी कुणी अशी टाकतं का. त्यानं तुकडा बाळावरून ओवाळला, आणि कौतुकानं, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी घंटी वाजवली.

अनघानं डोळे मिटले. विश्वासनं मिटले. लहानपणापासून लागलेली सवय. दोघं थांबले.

मी नाही थांबले. मी झेप घेतली म्हटलं तरी चालेल. माझं नाक त्या टाळूपासून वीतभरावर आलं आणि मी पाहिलं. मुक्ताचं जावळ अगदी विरळ आहे, उन्हात दिसतं न दिसतं असं. ते सगळं एकदम उभं राहिलं. मध्यभागी गोळा होऊन, वर, माझ्या नाकाच्या आणि तिच्या डोक्याच्या मधे जी रिकामी जागा होती तिथे ओढलं गेलं. तिची टाळू किंचित फुगली, आणि तो श्वास सुरू झाला. घाई नव्हती त्याला. मुक्ता रडली नाही. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे नव्हे, त्या जागेकडे पाहिलं.

जावळ खाली बसलं. मी नाक टेकवलं.

मऊ होती. गरम होती. बाकी काही नव्हतं. मी पुन्हा ओढून पाहिलं, जोरात, माझे पेशंट ओढतात तसं, नाकातून आवाज येईपर्यंत.

"कैसी है, आई?" अनघानं डोळे उघडून विचारलं. "दूध जैसी ना?"

"हो," मी म्हटलं. "दुधासारखी."

ती समाधानानं हसली. विश्वासनं पोळीचा तुकडा बाहेर टाकला आणि सगळे आत या म्हणाला. कुणी आत आलं नाही, कारण मी उंबऱ्यातच उभी होते, बाळावर वाकून. माझ्या ओठांखाली ते जावळ पुन्हा हलायला लागलं होतं.

मी मान मागे घेतली. श्वास सोडला. नजर खाली केली आणि थांबले, त्याचं होईपर्यंत. उरलं तर थोडंफार मलाही मिळेल म्हणून.